नाव देणारा कुठे उभा होता?

वेल्सच्या नैऋत्य टोकाला पेम्ब्रोकशायर हा परगणा आहे. त्याच्याही पश्चिमेला, समुद्रात शिरलेल्या एका भूशिरावर मार्लोझ नावाचं लहानसं गाव आहे. गावातून निघायचं, कड्याच्या कडेकडेने भूशिराच्या टोकापर्यंत जायचं, टोकाला वळसा घालून दुसऱ्या अंगाने परत यायचं. दहा-बारा किलोमीटरची ही चाल. स्थलनामांच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी आधी तिथे नेणार आहे. पुस्तकांच्या कपाटाकडे नंतर वळू.

पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्याने जाणारी ही पायवाट 1970 मध्ये खुली झाली. तिची एकूण लांबी 299 किलोमीटर, त्यातला हा एक तुकडा. मी गेले तेव्हा मे महिना होता. कड्यावर थ्रिफ्टच्या गुलाबी फुलांच्या उशा फुललेल्या होत्या, लाल चोचीचे डोंगरकावळे वाऱ्यावर उलटेपालटे होत होते, आणि डाव्या हाताला खाली, बऱ्याच खाली, पाणी. चालणाऱ्याचं लक्ष मात्र या कशावरच फार वेळ टिकत नाही, कारण समोर बेटं दिसू लागतात. दक्षिणेला लाल वालुकाश्माचं स्कोकहोम. समोर, हात लांब केला तर लागेल असं वाटायला लावणारं स्कोमर. पायाशी, ओहोटीला जमिनीला जोडलं जाणारं गेटहोम. उत्तरेला उपसागरापलीकडे रॅम्सी. आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे 13 किलोमीटरवर, क्षितिजावर ठेवलेला एक पांढरा ठिपका. ते ग्रासहोम.

नकाशा उघडून ही नावं एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचावीत. देश वेल्श, पण नावं वेल्श नाहीत. लिपी इंग्रजी, पण इंग्रजीतून त्यांचा अर्थ लावायला जावं तर हाती काही लागत नाही. ही नावं प्राचीन नॉर्स भाषेतली आहेत. हजारएक वर्षांपूर्वी नॉर्वे आणि डेन्मार्कच्या लोकांबरोबर, त्यांच्या आयर्लंडमधल्या वंशजांबरोबर जी भाषा या समुद्रात फिरत होती, तिची ही नावं. ती बोलणारे लोक इथून कधीच नाहीसे झाले. त्यांनी दिलेली नावं मात्र आजही तिकिटांवर, भरती-ओहोटीच्या तक्त्यांवर आणि होडीवाल्यांच्या तोंडी आहेत.

नॉर्स भाषेत बेटाला दोन शब्द होते. मोठ्या बेटाला ‘एय’, लहान, उठावदार बेटाला ‘होल्म’. रॅम्सीच्या शेवटी पहिला शब्द आहे, स्कोकहोम-ग्रासहोम-गेटहोमच्या शेवटी दुसरा. स्कोमरच्या शेवटीही ‘एय’च होता. चौदाव्या शतकातल्या नोंदींत हे नाव ‘स्काल्मे’च्या जवळपास लिहिलेलं सापडतं, पुढे बोलताबोलता ते झिजलं. म्हणजे ‘स्कोमर बेट’ असं आपण म्हणतो तेव्हा बेट हा शब्द दोनदा म्हणतो. यात नवल वाटायचं कारण नाही. मुरुडच्या समुद्रातल्या किल्ल्याला आपण जंजिरा म्हणतो, आणि ‘जंजिरा’ म्हणजे अरबी ‘जज़ीरा’, बेटच. ‘जंजिरा बेट’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. परभाषेतला सामान्य शब्द ऐकणाऱ्याच्या कानात विशेषनाम होऊन बसतो, ही या विद्येतली पहिली शिकण्याची गोष्ट. ती शिकायला वेल्सला जायची गरज नव्हती हे खरं. पण घरातली वस्तू कधीकधी दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावरच नजरेत भरते.

हे लोक इथे का येत होते, ते थोडक्यात सांगते. 841 मध्ये नॉर्स लोकांनी डब्लिनला तळ ठोकला. पुढे ते मोठं बंदर झालं, वॉटरफर्ड आणि वेक्सफर्डही उभी राहिली. आयर्लंडहून ब्रिस्टलच्या खाडीकडे निघालेलं प्रत्येक गलबत पेम्ब्रोकशायरच्या या दातेरी टोकाला वळसा घालूनच जाई. सुरुवातीला लूट होतीच. जवळच्या सेंट डेव्हिड्सच्या मठावर पुन्हा पुन्हा धाडी पडल्या. 999 मध्ये तिथला बिशप मॉर्गेनाय मारला गेला, 1080 मध्ये बिशप अब्राहम. आल्फ्रेड राजाचा चरित्रकार आसर लिहितो, की 878 मध्ये 23 जहाजांचा एक ताफा डिव्हेद प्रांतात, म्हणजे याच भागात, हिवाळा काढून डेव्हनकडे गेला. पण नावांच्या दृष्टीने धाडीपेक्षा नेम महत्त्वाचा. वर्षानुवर्षं त्याच वाटेने जाणाऱ्याला खुणा लागतात. वल्ह्यावर बसलेल्या माणसाला शेजाऱ्याला सांगता यायला हवं: त्या बेटाच्या डावीकडून, त्या खडकापासून दूर. नाव तिथे जन्माला येतं.

ही गोष्ट मला सर्वांत स्पष्ट दिसली ती जोड्यांमध्ये. वेल्समधल्या अनेक बंदरांना दोन नावं आहेत, एक इंग्रजी नकाशावरचं, एक वेल्श. ही दोन नावं एकमेकांचं भाषांतर नाहीत. फिशगार्डचं वेल्श नाव आबरग्वाइन. ‘आबर’ म्हणजे नदीचं मुख, तेव्हा ग्वाइन नदीच्या मुखाचं गाव. स्वॉन्सीचं वेल्श नाव आबरतावे, तावे नदीच्या मुखाचं गाव. मिलफर्ड हेवनचं वेल्श नाव आबरदाइग्लेदाइ, दोन क्लेदाइ नद्यांच्या मुखाचं. आता याच तीन ठिकाणांची दुसरी नावं पाहा. फिशगार्ड म्हणजे नॉर्स ‘फिस्किगार्ड’, मासे धरायचं वा साठवायचं कुंपण. स्वॉन्सी म्हणजे स्वेन नावाच्या कुणाचं तरी ‘एय’. मिलफर्ड म्हणजे ‘मेल्’ अधिक ‘फ्योर्ड’, वाळूच्या दांड्यांची खाडी.

पहिल्या तिन्ही नावांत नदी आहे, दुसऱ्या तिन्ही नावांत ती नाही. वेल्श माणूस डोंगरातून नदीच्या काठाने खाली उतरत आला, नदी जिथे संपली तिथे थांबला आणि म्हणाला: हे हिचं मुख. नॉर्स माणूस समुद्रातून आला. आत येणाऱ्या नदीचं नाव त्याला माहीत नव्हतं, त्याचं त्याला काम नव्हतं. त्याला वाळूचा दांडा दिसला, कारण त्यावर त्याची होडी रुतणार होती. एकच जागा, पण एकाचं तोंड जिकडे, तिकडे दुसऱ्याची पाठ. कुठलंही स्थलनाम हातात आलं की त्याचा अर्थ काय, हे विचारायला आपण घाई करतो. मी विद्यार्थ्यांना आधी दुसरा प्रश्न विचारायला सांगते: नाव देणारा कुठे उभा होता? जमिनीवर की पाण्यावर, गावात की वेशीबाहेर, चढावर की उतारावर? या पुस्तकाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

तो मला पुस्तकातून सुचला नाही, स्कोमरने शिकवला. स्कोमर या नावातला ‘स्काल्म’ म्हणजे चीर, फट. त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आखूड तलवार. हे वाचून मी भूशिराच्या टोकावर उभी राहिले आणि ती चीर शोधू लागले. टोकावरच्या या भागाला डिअर पार्क म्हणतात. समोर जॅक साउंडची अरुंद सामुद्रधुनी सहा-सात नॉटच्या वेगाने खळाळत होती, पलीकडे बेट. बेट अखंड दिसत होतं, सपाट डोक्याचं, सलग. मी दुर्बीण लावली. ज्वालामुखीचे काळे खडक दिसले, हिरवी पठारं दिसली, चीर दिसली नाही. मनात आलं की अभ्यासकांनी हा अर्थ ओढूनताणून लावला असावा.

दुसऱ्या दिवशी मार्टिन्स हेवनच्या धक्क्यावरून होडीत बसले. होडी सामुद्रधुनीच्या वरच्या अंगाने बेटाच्या उत्तरेला गेली, आणि एका क्षणी बेट उघडलं. ज्याला मी एकच बेट समजत होते ते जवळजवळ दोन तुकडे आहेत. उत्तरेकडून एक खाडी आत शिरलेली, दक्षिणेकडून दुसरी, आणि मध्ये दोघींना भिडू न देणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पूर्वेचा तुकडा, त्याला नेक म्हणतात, किनाऱ्यावरून पाहणाऱ्याच्या नजरेसमोर येतो आणि मागची चीर झाकून टाकतो. पाण्यावरून मात्र ती इतकी उघड दिसते, की या बेटाला दुसरं काही नाव देणं अशक्य वाटावं. होडी त्याच चिरेत शिरून धक्क्याला लागली. आजूबाजूच्या पाण्यावर शेकडो पफिन बसले होते, लाल-पिवळ्या चोचींचे, कबुतराहून लहान. होडीतले सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मी मागे वळून कालच्या कड्याकडे पाहत होते, जिथे उभी राहून मी चुकीच्या बाजूने नाव वाचलं होतं.

ग्रासहोमची गोष्ट याहून खोल जाते. ‘ग्रेस’ म्हणजे गवत, ग्रासहोम म्हणजे गवताळ बेट. आज ते पाहिलं तर हे नाव चेष्टा वाटेल. बेटाचा मोठा भाग पांढराशुभ्र दिसतो, आणि ते बर्फ नाही, खडक नाही. ती गॅनेट पक्ष्यांची वसाहत आहे, हजारो जोड्यांची. रॉनल्ड लॉकली आणि ज्यूलियन हक्स्ली यांनी 1934 मध्ये या पक्ष्यांवर इथेच चित्रपट केला होता, त्याला पुढे ऑस्करही मिळालं. नाव देणाऱ्याने मात्र गवत पाहिलं, आणि ते खोटं मानायचं कारण नाही. पक्षी वाढतात, माती जाते, गवत जातं, नाव राहतं. म्हणून नाव हे जागेचं चित्र नसून जागेच्या एका दिवसाचं चित्र असतं. तो दिवस कोणता, हे शोधणं अभ्यासकाचं काम.

याच खडकाला वेल्श भाषेत वेगळंच नाव आहे: ग्वालेस. वेल्श पुराणकथांचा जो मध्ययुगीन संग्रह ‘माबिनोगी’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या दुसऱ्या शाखेत हे नाव येतं. आयर्लंडच्या भीषण युद्धातून सात जण परततात, त्यांच्याजवळ त्यांच्या राक्षसकाय राजाचं, बेन्दिगाइद्व्रानचं, कापलेलं शिर असतं, आणि ते शिर अजून बोलत असतं. ग्वालेसला समुद्रावर उघडणारं एक प्रशस्त दालन असतं. दोन दारं उघडी, कॉर्नवॉलकडे तोंड असलेलं तिसरं बंद. तिथे ते 80 वर्षं आनंदात राहतात, कुणाला दुःख आठवत नाही, कुणाचं वय वाढत नाही. मग त्यांच्यातला एक जण ते तिसरं दार उघडतो, आणि गमावलेला प्रत्येक माणूस जणू त्याच क्षणी गेल्यासारखा सगळ्यांना आठवतो.

आता विचार करा. किनाऱ्यावरच्या माणसाला हे बेट दूर, धूसर, कधी दिसणारं, कधी नाहीसं होणारं. त्याने त्यावर विस्मृतीचं दालन बांधलं. जवळून वल्हवत गेलेल्या माणसाने सांगितलं, गवत आहे. मला दोन्ही नावं हवी आहेत. कोणतं खरं, हा वाद इथे निरर्थक आहे, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी तो वाद शक्य तितक्या लवकर मागे टाकावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

मग शिस्त कशाची पाळायची? सर्वांत आधी आजच्या स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही. ‘मिलफर्ड’ इंग्रजी डोळ्यांनी वाचलं तर ‘मिल’ म्हणजे गिरणी आणि ‘फोर्ड’ म्हणजे नदीतला उतार. पण त्या खोल खाडीत पायी उतरायची जागा कुठली असणार? बाराव्या शतकाच्या अखेरीस, पेम्ब्रोकशायरमध्येच जन्मलेला पाद्री जिराल्डस लॅटिनमध्ये या बंदराचा उल्लेख ‘मिल्व्हर्डिक’च्या रूपात करतो. तिथे ‘फ्योर्ड’चा आवाज अजून ऐकू येतो. समुद्रापलीकडच्या वॉटरफर्ड आणि वेक्सफर्डमध्येही तोच ‘फ्योर्ड’ आहे. तीन बंदरं, तिन्हींच्या शेवटी ‘फर्ड’, आणि तिन्ही त्याच समुद्राच्या काठांवर. एकट्या नावावर कधी शंका घेता येते, पण ओळीने उभी राहिलेली नावं एकमेकांची साक्ष देतात. जाताजाता सांगते, ‘फ्योर्ड’ आणि ‘फोर्ड’ हे शब्द मुळात एकाच धातूतून आले आहेत, पलीकडे जाण्याच्या. संस्कृतातला ‘पार’ त्याच कुळातला. आपण ‘नदी पार केली’ म्हणतो तेव्हा त्या नॉर्स खलाशाचा एक दूरचा नातलग आपल्या वाक्यात येऊन बसलेला असतो. असे योग आले की आनंद होतो, तो लपवू नये. पण योगावरून सिद्धान्त रचू नये.

सिद्धान्त रचण्याचा मोह कसा फसवतो, त्याचं उदाहरण त्याच खाडीच्या काठावर आहे. तिथे हबर्स्टन नावाची वस्ती आहे. डिव्हेदमध्ये हिवाळा काढणाऱ्या ताफ्याचा म्होरक्या हब्बा नावाचा व्हायकिंग होता, त्यानेच हे गाव वसवलं, असं स्थानिक इतिहासात मोठ्या आवडीने सांगितलं गेलं. आसरने त्या म्होरक्याचं नावच दिलेलं नाही. तो फक्त ‘इन्वार आणि हाल्फदेने यांचा भाऊ’ एवढंच लिहितो. आणि गावाच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर त्यांत ह्यूबर्ट हे नाव दिसतं, जे नॉर्मनांबरोबर आलेल्या कुणाचंही असू शकतं. गोष्ट सुंदर असते म्हणून आपण नावाला तिच्या मापाचं करतो. आपल्याकडे तर प्रत्येक गावाला पांडवांची एक रात्र मिळालेली असते. त्या कथांबद्दल मला प्रेम आहे, त्या लोकांनी आपल्या गावाबद्दल काय मानलं हे सांगतात. फक्त त्या गावाच्या नावाचं मूळ सांगतात असं समजू नये.

दुसरा फास अधिक बारीक आहे. मार्लोझच्या दक्षिणेला डेल नावाचं गाव आहे. भूशिराला आरपार छेदणाऱ्या दरीच्या तोंडाशी ते वसलेलं, आणि ‘डेल’ म्हणजे दरी, यात शंका नाही. पण हा शब्द नॉर्स ‘दाल्’ की जुना इंग्रजी ‘डेल’? दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, दरीला दोघींत जवळजवळ एकच शब्द. अशा ठिकाणी हात आवरावा लागतो. आणि डिअर पार्क? तिथे हरणं ठेवल्याची खूण नाही. जमीनदाराने भिंत घातली, हरणं काही आली नाहीत. नाव कधीकधी नुसत्या बेताचंही असतं.

नावं टिकतात कशी, हा प्रश्न मला नावं पडतात कशी यापेक्षा अधिक विचार करायला लावतो. नाव देणारा निघून गेल्यावर ते उचलणारा कुणीतरी लागतो. पेम्ब्रोकशायरमध्ये अकराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन सरदार घुसले, बाराव्या शतकाच्या आरंभी पहिल्या हेन्रीने फ्लेमिश लोक आणून वसवले, त्यांच्यामागून इंग्रज आले. दक्षिण पेम्ब्रोकशायर पुढे इतकं इंग्रजी बोलू लागलं की त्याला ‘वेल्सपलीकडचं छोटं इंग्लंड’ असं म्हटलं जाऊ लागलं. या नव्या लोकांनी बेटांची नावं गावकऱ्यांना विचारली नसावीत, बंदरातल्या खलाशांच्या तोंडून उचलली असावीत. आणि मग हिशेबनीसाने ती वहीत उतरवली. चौदाव्या शतकातल्या नोंदींत स्कोमर, स्कोकहोम आणि मिडलहोम या तीन बेटांचं उत्पन्न लिहिलेलं सापडतं. त्यात चराईपेक्षा सशांचं उत्पन्न कितीतरी जास्त आहे. ससे नॉर्मनांबरोबर आलेले, त्यांच्या मांसाला आणि कातड्याला भाव. आज पफिन आणि लाखो मँक्स शिअरवॉटर त्याच सशांनी पोखरलेल्या मऊ मातीत बिळं करून अंडी घालतात. ज्या वहीने नाव जपलं ती सशांच्या हिशेबाची वही होती, हे मला फार मोलाचं वाटतं. भव्य ताम्रपट शोधत बसणाऱ्या तरुण अभ्यासकांना मी सांगते: खंडाच्या पावत्या वाचा.

अशा वह्या वाचणाऱ्यांच्या बळावर हे क्षेत्र उभं आहे. नॉर्वेत ओलुफ रिग यांनी देशातल्या शेतवाड्यांची नावं गोळा करायला घेतली. ‘नॉर्स्के गार्डनाव्ने’ हा त्यांचा ग्रंथसंच 1897 पासून निघू लागला, तो पुरा व्हायला त्यांच्यानंतरच्या लोकांचे हात लागले. इंग्लंडमध्ये 1923 मध्ये इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी स्थापन झाली, परगण्यामागून परगणा घेत तिचं काम अजून चालू आहे. आणि आपल्या या किनाऱ्यासाठी एकच नाव घ्यायचं तर ते बी. जी. चार्ल्स यांचं. वेल्स आणि नॉर्स लोकांच्या संबंधांवरचं त्यांचं पुस्तक 1934 मध्ये आलं, वेल्समधल्या बिगर-केल्टिक स्थलनामांवरचं 1938 मध्ये. पेम्ब्रोकशायरच्या स्थलनामांचे दोन खंड 1992 मध्ये आले. पहिल्या पुस्तकापासून या खंडांपर्यंत 58 वर्षं. त्या खंडांत एकेका शेताच्या, एकेका खडकाच्या नावाखाली सालवार जुनी रूपं मांडलेली आहेत. निष्कर्ष एका ओळीचा, पुरावा दहा ओळींचा. या विद्येतला सज्जनपणा तो हाच.

याच सज्जनपणाचा भाग म्हणजे नावाकडून जास्त मागू नये. वेल्सच्या किनाऱ्यावर नॉर्स नावं भरपूर आहेत म्हणून तिथे नॉर्स वसाहत होती, असं म्हणता येत नाही. बेटांवरची आणि खडकांवरची नावं वाटसरूही देऊ शकतात. शेतांची, ओढ्यांची, पाणंदींची नावं जिथे नॉर्स असतील तिथे माणसं राहिली असं धरावं, आणि वेल्समध्ये तशी नावं थोडी आहेत. जमीन खणणाऱ्यांचा पुरावा वेगळा. अँगलसी बेटावर लानबेद्रगोख इथे 1994 पासून झालेल्या उत्खननात व्यापाराच्या आणि नॉर्स संपर्काच्या वस्तू निघाल्या. नावांचा आणि मातीचा पुरावा जुळला तर उत्तम. नाही जुळला तर दोघांनाही बोलू द्यावं.

या विद्येचं मराठी वाचकाशी काय नातं, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. मुंबईच्या बंदरातलं घारापुरी घ्या. किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांना तिथे दगडाचा एक मोठा हत्ती दिसला आणि बेट ‘एलिफंटा’ झालं. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, नाव बेटावरच राहिलं. ग्रासहोमच्या गवतासारखंच. खांदेरी-उंदेरीला इंग्रज खलाशी ‘केनेरी’ आणि ‘हेनेरी’ म्हणत. नाव ऐकू येईल तसं, आपल्या तोंडाला सोयीचं करून. आपला किनारा अरबी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि त्याआधीच्या कितीतरी जिभांनी उच्चारलेला आहे. पण कोळ्यांच्या तोंडी पाण्यातल्या खडकांना, मासे लागणाऱ्या जागांना, होडी वळवायच्या खुणांना जी नावं आहेत ती आपण किती लिहून ठेवली आहेत? ती जमिनीवरून पाहणाऱ्याला सापडणार नाहीत. त्यासाठी पहाटे होडीत बसावं लागेल, आणि तांडेल सांगेल त्या दिशेला पाहावं लागेल. हे काम तातडीचं आहे. डिझेलच्या होड्या आणि उपग्रहाची यंत्रं आल्यावर खुणांची गरज कमी होते, आणि गरज संपलेलं नाव एका पिढीत जातं. या पुस्तकाच्या वाचकांपैकी चार जणांनी जरी वही उघडली तर मला ते वाचायला फार आवडेल.

वहीत काय लिहायचं? नाव, ऐकलं तसंच्या तसं, शुद्ध करायला न जाता. कुणी सांगितलं, त्याचं गाव, त्याचं काम. तो सांगताना कुठे होता, आणि बोट कुठे दाखवलं. त्याच जागेला दुसरं कुणी दुसरं काही म्हणतं का. साल. अर्थाची जागा शेवटी ठेवायची, आणि ती रिकामी राहिली तर राहू द्यायची.

माझ्या स्वतःच्या वहीत अशी एक रिकामी जागा आहे. ती गेटहोमची. हे चालीच्या सुरुवातीलाच लागतं. मार्लोझच्या रुंद वाळूवरून पश्चिमेकडे गेलं की डोकं सपाट असलेला एक लाल खडकाचा तुकडा किनाऱ्यापासून किंचित सुटलेला दिसतो. वर शंभराहून अधिक झोपडीवजा घरांच्या खुणा आहेत, म्हणजे कधीकाळी तिथे मोठी वस्ती होती. शेजारच्या पुळणीला अल्बियन सँड्स म्हणतात. 1837 मध्ये अल्बियन नावाची आगबोट तिथे फुटली, तिच्या यंत्राचा लोखंडी दांडा ओहोटीला अजून वाळूतून वर आलेला दिसतो. या वाटेवरचं हे सर्वांत तरुण नाव, ज्याचं जन्मवर्ष आपल्याला ठाऊक आहे आणि जन्मखूण हात लावून पाहता येते. दोनशे पावलांवर उभ्या गेटहोमबद्दल मात्र अभ्यासक दोन गोष्टी सांगतात. पहिला शब्द ‘गेइट’ असेल तर हे बकऱ्यांचं बेट. ‘गात’ असेल तर फटीचं, वाट असलेलं बेट.

मी ओहोटी पाहून गेले होते. बेट आणि कडा यांच्यामध्ये दगडगोट्यांचा एक अरुंद पट्टा उघडा पडला होता, शेवाळाने निसरडा, शिंपल्यांनी खरखरीत. तिथे मध्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना लाल भिंती आणि त्यांच्यामधून आरपार दिसणारं आकाश. ही फट होती, यात शंका नाही. मग मी मान वर केली. बेटाच्या माथ्यावर उतरतं, हिरवं, चारही बाजूंनी पाण्याने राखलेलं कुरण, ज्यात सोडलेल्या बकऱ्या पळून जाऊ शकत नाहीत. तेही होतं. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले, मग जमिनीकडे तोंड करून. दोन्ही वेळा नाव बरोबर वाटलं. तेवढ्यात दगडांमधून पाण्याची एक पातळ जीभ आत आली, परत गेली, आणि पुढच्या वेळी माझ्या बुटांपर्यंत आली. मी वही पिशवीत टाकली आणि कड्याच्या बाजूला चढले.